पेपर टाकल्यानंतरचा पगार

जा म्हणणारी : भाऊ, अशी पत्रं मी पर्सोनेलला असताना स्वतः तयार केली आहेत, म्हणून सांगते. त्या मुलाने ही वाढ घेऊ नये. सफाळ्याहून रोज बोईसरला जातो, तारापूर एमआयडीसीत औषधांचा कच्चा माल बनवणाऱ्या कंपनीत क्यूएला, म्हणजे गुणवत्ता हमी विभागात आहे, चार वर्षं पाच महिने झाले. वर्षाचे 5 लाख 40 हजार. अंधेरीच्या एका कंपनीने हेड ऑफिसला 7 लाख 20 हजारांवर बोलावलं, त्याने पेपर टाकले, आणि तीन दिवसांत त्याच्या कंपनीने 7 लाखांचं पत्र हातात ठेवलं. माझा प्रश्न एकच आहे. हे 1 लाख 60 हजार एप्रिलच्या अप्रेझलला कुठे होते? तेव्हा त्याला सांगितलं, बजेट नाही, यंदा सगळ्यांनाच सात टक्के. आता बजेट कुठून आलं? मी सांगते कुठून. क्यूएचा माणूस गेला की नवा शोधायला दोन महिने, त्याची नोटीस तीन महिने, मग आमच्या कागदपत्रांवर त्याचा हात बसायला आणखी तीन. तेवढ्यात परदेशी ऑडिट आलं तर बॅच रेकॉर्ड कुणी समजावून द्यायचे? हा खर्च मांडला की 1 लाख 60 हजार स्वस्त वाटतात. पत्रावर त्याचं नाव आहे, पण आकडा त्याचा नाही. तो रिकाम्या खुर्चीचा आकडा आहे. खुर्ची भरायची सोय झाली की आकड्याचा अर्थ संपला.

राहा म्हणणारा : मॅडम, तुम्ही जे गुपित म्हणून सांगताय ते आम्हाला युनियनमध्ये पहिल्या दिवशी शिकवायचे. मालक माणसाची किंमत देत नाही, अडचणीची देतो. म्हणून तर मागणीपत्र ऑर्डर भरलेल्या असताना द्यायचं, मालाला उठाव नसताना द्यायचं नाही. तुम्हाला त्यात अपमान दिसतो, मला त्यात साधा व्यवहार दिसतो. एप्रिलमध्ये त्याच्याकडे अडचण निर्माण करायची ताकद नव्हती, आज आहे. एवढाच फरक.

आणि आज त्याच्याकडे दुसरं आहे तरी काय? 18 जानेवारी 1982ला मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या तेव्हा अडीच लाख माणसं एकदम बाहेर आली होती. संप हरला, पण एकदम बाहेर येणं ही कल्पना तरी होती. आमच्याकडे बोईसरलाही एके काळी तीन-तीन वर्षांचे करार व्हायचे, गेटवर सभा व्हायच्या, पेढे वाटले जायचे. आता कायम कामगार मोजके, बाकी ठेकेदाराची माणसं, आणि हा मुलगा तर ‘ऑफिसर’. युनियन त्याला घेत नाही आणि तोही युनियनकडे जात नाही. त्याला पगार वाढवून घ्यायचा तर एकच रस्ता उरतो, दुसऱ्याच्या लेटरहेडवरचा आकडा आणून दाखवणं. हा एकट्याने केलेला संप आहे. आणि तुम्ही म्हणताय, संप यशस्वी झाला तर मागणी मान्य करून घेऊ नकोस, कारखानाच सोडून जा. असं कुठल्या पुढाऱ्याने सांगितलं असतं तर आम्ही त्याला गेटवर उभं केलं नसतं.

जा म्हणणारी : संपाची उपमा तुम्ही आणलीत, तर ती पुरी करू या. करार झाला की वाढ नोटीस बोर्डावर लागायची. शेजारच्या मशीनवरच्याला तुमच्याएवढीच मिळायची. या पत्रात खाली काय लिहिलंय ठाऊक आहे? ‘ही बाब गोपनीय ठेवावी.’ त्याच्या शेजारच्या टेबलावर एक मुलगी आहे. त्याच्याच वर्षी लागली, एमएस्सी आहे, विरारहून उलट येते. तिला 5 लाख 30 हजार. ती पेपर टाकणार नाही, कारण घरी लहान मूल आहे आणि अंधेरीला मुलाखतीला जायला तिला रजा कोण देतो? तेव्हा तुमच्या एकट्याच्या संपाचा खर्च तिच्या खिशातून जाणार. कारण पुढच्या एप्रिलला विभागाचं बजेट तेवढंच असतं. याला मध्येच दिलं, म्हणजे बाकीच्यांच्या वाटणीतून दिलं. आणि यालाही एप्रिलला काय ऐकवतील? ‘तुझं तर ऑक्टोबरमध्ये झालंय ना?’ म्हणजे मिळालेली वाढ ही वाढ नाहीच, दोन वर्षांची उचल आहे.

राहा म्हणणारा : शेवटचं मान्य. उचल होऊ शकते. म्हणूनच पत्र नीट वाचून घ्यायला हवं, आणि वाचता येत नसेल तर कुणाकडून तरी वाचून घ्यावं. वाढ कशात दिली आहे? बेसिकमध्ये दिली की ‘स्पेशल अलाउन्स’ मध्ये? की ‘रिटेन्शन बोनस’ म्हणून एकरकमी, आणि अठरा महिन्यांत गेलास तर परत कर असं कलम लावून? बेसिक वाढलं नाही तर पीएफ वाढत नाही, ग्रॅच्युइटी वाढत नाही. आता 21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्यात. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग वेतनात धरावा लागतो. त्यामुळे पूर्वीसारखं सगळं भत्त्यांत लपवणं थोडं अवघड झालंय. तरी बघायचं. आणि पत्रात एक ओळ मागून घ्यायची, की या वाढीचा पुढच्या अप्रेझलशी संबंध नाही. ती ओळ द्यायला त्यांनी नकार दिला तर तुमचं म्हणणं खरं ठरलं असं मी धरेन.

ग्रॅच्युइटीचंही बघा. पाच वर्षं भरली की दर वर्षाला पंधरा दिवसांचं वेतन, सव्वीसने भागून. त्याचं वेतन 25 हजार धरलं तर पाच वर्षांचे 72 हजारांच्या वर होतात. चार वर्षं पाच महिन्यांवर सोडून निघालेला माणूस ते टेबलावर ठेवून जातो.

जा म्हणणारी : ठेवून जातोच असं नाही. नोटीस तीन महिन्यांची आहे. ती पैसे भरून तोडली नाही, पूर्ण भरली, तर जाताना चार वर्षं आठ महिने होतात. पाचव्या वर्षात 240 दिवस भरले तर पाच वर्षं धरावीत असं मद्रास हायकोर्टाने म्हटलेलं आहे, आणि बऱ्याच कंपन्या त्याप्रमाणे देतात. काठावरचं आहे, भांडावं लागेल, पण शून्य नाही. पीएफचं तर काहीच जात नाही. यूएएन तोच राहतो, खातं नव्या कंपनीकडे वळवायचं. लोक पैसे काढून घेतात, मग पाच वर्षांच्या आत काढले म्हणून कर लागतो आणि पेन्शनची दहा वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागतात. तो वेडेपणा केला नाही की झालं. पण मला हे सगळं दुय्यम वाटतं. 72 हजारांसाठी माणसाने थांबावं अशी ग्रॅच्युइटीची रचनाच आहे. त्या रचनेला आपण त्याचा निर्णय समजायचं का?

राहा म्हणणारा : मग दुय्यम नसलेलं बोलू. गाडी. सफाळ्याहून बोईसर 26 किलोमीटर, अंधेरी 55. आकड्यात दुप्पट, अंगाला चौपट. बोईसरकडे सकाळी जाताना बसायला मिळतं, अर्ध्या तासात उतरतो, स्टेशनबाहेर शेअर रिक्षा नाहीतर कंपनीची बस. अंधेरीकडे म्हणजे डहाणूहून भरून आलेल्या गाडीत दारात उभं राहायचं, विरारला उडी मारून बदलायचं, आणि सगळं वेळेवर असलं तरी सव्वा ते दीड तास. वेळेवर असतं कधी? 16 एप्रिल 2013ला चर्चगेट-डहाणू लोकल सुरू झाल्या तेव्हा आम्ही स्टेशनवर इंजिनाला हार घातले होते. त्यानंतर इथली वस्ती किती वाढली आणि गाड्या किती वाढल्या ते प्रवासी संघटनेला विचारा. विरारच्या पुढे दोनच रुळांवर लोकल, मेल, मालगाडी सगळं. चौपदरीकरण चालू आहे, चालूच आहे. वर्षाला 20 हजार जास्त आणि रोजचे दोन तास जास्त. तासाला काय पडले? तीस-पस्तीस रुपये. एवढ्यावर तर आमच्याकडे कुणी भात झोडायलाही येणार नाही.

जा म्हणणारी : हा हिशेब बरोबर आहे आणि तरी मला पटत नाही. गाडीच्या गर्दीवरून नोकरी ठरवायची तर सफाळ्याच्या माणसाने कायम उत्तरेकडेच जायचं, आणि उत्तरेकडे काय आहे? केमिकल, बल्क ड्रग, कापड प्रोसेसिंग, स्टील. तिथे क्यूएचा माणूस प्लँटवरच राहतो. हेड ऑफिसला गेला तर परवान्यांचं, परदेशी नोंदणीचं काम शिकेल. पाच वर्षांनी त्याच्यापुढे दहा दारं असतील. बोईसरला राहिला तर पाच वर्षांनी त्याच्यापुढे त्याच रस्त्यावरची पलीकडची कंपनी असेल. आज 20 हजारांचा फरक दिसतो, तो आजचा आहे.

राहा म्हणणारा : आणि नव्या ठिकाणी सहा महिने प्रोबेशन. मंदी आली की शेवटी आलेला आधी जातो. कामगारांच्या बाबतीत तर 1947च्या औद्योगिक विवाद कायद्यातच तसं लिहिलेलं होतं. विरारला घर बघतोय तो, बँक आधी विचारेल, नोकरी किती वर्षांची? टीसीएसची नोकरी म्हणजे सरकारी नोकरी असं आपण पोरांना सांगायचो ना? जुलै 2025 मध्ये त्यांनी दोन टक्के माणसं कमी करायचं जाहीर केलं, बारा हजारांच्या आसपास. जिथे आपल्याला ओळखतात तिथे असण्याला किंमत आहे.

जा म्हणणारी : त्या बारा हजारांत मधल्या आणि वरच्या फळीतली माणसं जास्त असतील असं कंपनीनेच सांगितलं होतं, भाऊ. म्हणजे ज्यांना सगळे ओळखत होते ती. ओळखीने वाचलं कोण? आणि आता इथे त्याला वेगळ्या अर्थाने ओळखतात. पेपर टाकून मागे घेतलेला माणूस. पुढच्या वेळी माणसं कमी करायची यादी बनवताना साहेबाच्या डोक्यात पहिलं नाव कुणाचं येतं, हे मी त्या खोलीत बसून पाहिलंय. कुणी उघड बोलत नाही. ‘हा तसाही जाणारच होता’ एवढंच म्हणतात.

राहा म्हणणारा : हे तुमच्या खोलीतलं, मी त्यावर वाद घालू शकत नाही. पण लोक सांगतात ना, काउंटर ऑफर घेतलेले ऐंशी टक्के सहा महिन्यांत जातात, नव्वद टक्के वर्षात जातात, हे मात्र मला ऐकवू नका. ते आकडे नोकरी लावून देणारे एजंट सांगतात, आणि माणूस हलला तरच एजंटला कमिशन. आमच्या ओळखीत थांबलेले आणि तिथेच मॅनेजर झालेलेही आहेत. त्यांची गोष्ट कुणी सांगत नाही, कारण त्या गोष्टीत काही घडत नाही. माणूस रोज कामाला जातो आणि संध्याकाळी घरी येतो.

जा म्हणणारी : मी तो आकडा दिला नव्हता आणि देणारही नाही. पण पेपर मागे घेणं ही गोष्ट तुम्ही जितकी सोपी समजता तितकी नाही. कोकण रेल्वेच्या एका कर्मचाऱ्याचं प्रकरण वाचा. 1990 पासून नोकरी, डिसेंबर 2013 मध्ये राजीनामा, आणि मे 2014 मध्ये तो मागे घेतला. प्रशासन म्हणालं, आम्ही स्वीकारला होता. तो म्हणाला, मला कळवलाच नव्हता, मला कामावर बोलावत होतात. सुप्रीम कोर्टाने त्याच्या बाजूने निकाल दिला, पुन्हा कामावर घ्या आणि मधल्या काळाचा निम्मा पगार द्या म्हणून. तारीख काय? 13 सप्टेंबर 2024. दहा वर्षं! आणि ते सार्वजनिक उपक्रम होतं म्हणून निदान कोर्टात उभं राहता आलं. खासगी कंपनीत तोंडी ‘थांब रे, आम्ही बघतो’ म्हटलं, याने अंधेरीला नाही कळवलं, आणि महिन्याने यांनी जुना राजीनामा फाईलमधून काढला, तर याच्या हातात काय आहे?

राहा म्हणणारा : म्हणजे राजीनामा मागे घेतल्याचं आणि त्यांनी ते मान्य केल्याचं दोन्ही लेखी हवं. बरोबर. पगाराचं पत्र आणि हे पत्र वेगळं. हे मी त्याला सांगीन. पण यात तुम्ही ‘जाऊ नये’ याला पुरावा दिलात की ‘राहू नये’ याला? मला तर हा फक्त सावधपणाचा मुद्दा वाटतो. आणि सावधपणा जातानाही लागतो. विजया बँकेच्या एका अधिकाऱ्याने तीन वर्षांच्या आत सोडलं, दुसऱ्या बँकेत गेला, बाँडचे दोन लाख भरावे लागले. तो कोर्टात गेला, हायकोर्टात जिंकला, आणि मे 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की बाँड योग्य होता. तेव्हा अंधेरीच्या ऑफर लेटरमध्येही असं काही कलम आहे का ते बघितलंत का?

जा म्हणणारी : नाही बघितलं. बघायला सांगते. पण अंधेरीचं पत्र निघालं म्हणून विचारते, त्या लोकांचं काय? त्याने होकार कळवलाय. त्यांनी त्याच्यासाठी दुसऱ्या नंबरच्या उमेदवाराला नाही म्हटलं असेल. तोही कुणीतरी पालघरचा, वसईचा असू शकतो. कायदा याला धरणार नाही, हे मला माहीत आहे. कंपन्याही ऑफर देऊन मागे घेतात, हेही माहीत आहे. तरीसुद्धा.

राहा म्हणणारा : ‘तरीसुद्धा’ हा युक्तिवाद नाही, मॅडम.

जा म्हणणारी : नसेल. पण तुम्ही आयुष्यभर मालकाने शब्द पाळला नाही म्हणून भाषणं केलीत.

(इथे लेखकाला मध्ये पडावंसं वाटतं. दोघेही आतापर्यंत त्या मुलाच्या वतीने हिशेब मांडत आहेत, आणि दोघांचेही हिशेब बरोबर आहेत. एकाच कागदावरून दोन विरुद्ध उत्तरं निघतात तेव्हा चूक बेरजेत नसते. वर कुठलं तरी कलम लिहायचं राहिलेलं असतं. मला वाटतं इथे राहिलेलं कलम म्हणजे तो जायला का निघाला हे.)

राहा म्हणणारा : बरं, एक सांगा. तो सोडतोय कशासाठी? पगारासाठी ना?

जा म्हणणारी : राजीनाम्यात तसंच लिहिलंय. ‘चांगल्या संधीसाठी.’ एक्झिट इंटरव्ह्यूच्या फॉर्ममध्येही पगाराच्या चौकटीत टिक केली. माझ्याशी बोलताना पगाराचा विषय त्याने एकदाही काढला नाही. म्हणाला, रविवारी फोन येतो, बॅच सोड, सही उद्या कर. म्हणाला, रात्रपाळीला प्लँटवर जेवढी माणसं हवीत तेवढी नसतात, आणि चेकलिस्टवर मात्र ती असतात. चेकलिस्ट तपासणारा तो. ऑगस्ट 2025 मध्ये तारापूरला एका औषध कंपनीत वायुगळती होऊन चार कामगार गेले तेव्हा त्याला दोन रात्री झोप नव्हती. त्याची कंपनी वेगळी, त्याचा काही संबंध नाही. पण त्याला वाटतं, आपल्याकडे झालं तर शेवटची सही कुणाची निघेल? तारापूरलाच जानेवारी 2020चा स्फोट झाला तेव्हा तो कॉलेजात होता. तेव्हा त्याला ती फक्त बातमी वाटली होती. आता त्याला त्यात कागद दिसतात.

राहा म्हणणारा : हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?

जा म्हणणारी : कारण कंपनीलाही कुणी सांगितलं नाही. म्हणून तर कंपनीने पगाराचं उत्तर दिलं. त्याने पैशाच्या चौकटीत टिक केली, त्यांनी पैसे दिले. त्यांच्या बाजूने चोख व्यवहार झाला. आणि आता तो 7 लाखांचं पत्र घेऊन बसलाय आणि त्याला कळत नाही की मनासारखं मिळूनही बरं का वाटत नाही.

विश्वेश्वरय्यांचं उदाहरण देते, मोठं वाटलं तरी. पुण्याच्या कॉलेजातून इंजिनिअर झाले, 1884ला मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात लागले, खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे केले, आणि 1908ला पंचवीस वर्षं पुरी व्हायच्या आत बाजूला झाले. पगार कमी म्हणून गेले नाहीत. पुढची जी खुर्ची होती, मुख्य अभियंत्याची, ती त्यांच्या वाटेला येण्यासारखी नव्हती. तिथे सरकारने शंभर रुपये वाढवून दिले असते तर काय उपयोग होता? पुढच्याच वर्षी म्हैसूरने त्यांना मुख्य अभियंता केलं.

राहा म्हणणारा : विश्वेश्वरय्यांना पेन्शन मिळाली होती. आपल्या पोराला अजून ग्रॅच्युइटीचा पत्ता नाही. पण ते जाऊ दे. तुम्ही सांगितलेलं ऐकून मला दुसरंच आठवलं. आमच्या मागणीपत्रांत ‘धोका भत्ता’ असायचा. ॲसिडच्या विभागात काम करणाऱ्याला महिन्याला इतके, रिॲक्टरवर इतके. त्यासाठी आम्ही बैठकांवर बैठका घ्यायचो. व्हेंटिलेशन बदला, मास्क द्या, माणसं वाढवा, ही कलमं शेवटच्या पानावर. बोलणी अडली की आधी ती सुटायची आणि भत्ता राहायचा. कामगारांनाही तेच हवं असायचं, खोटं कशाला बोलू? भत्ता दिवाळीला घरी नेता येतो. वाढवलेला माणूस घरी नेता येत नाही. म्हणजे तो मुलगा एकट्याने जे करतोय ते आम्ही शेकड्यांनी केलं. जे सांगायचं ते पैशात सांगितलं, आणि पैशात मिळालं.

जा म्हणणारी : मग माझं म्हणणं मान्य? त्याने जावं.

राहा म्हणणारा : उलट. आता तर मला वाटतं त्याने लगेच जाऊ नये. बघा, चार वर्षं त्या कंपनीने त्याचं काही ऐकलं नाही. आज त्याने पेपर टाकलेत, ऑडिट तोंडावर आहे, जीएम स्वतः त्याला केबिनमध्ये बसवून चहा देतोय. हा एक आठवडा असा आहे की त्याने मागितलेलं ऐकावं लागेल. तो आठवडा त्याने 1 लाख 60 हजारांना विकलाय, आणि तुम्ही म्हणताय फुकट सोडून जा. मी म्हणतो, दुसरं काही मागू दे. पगार 7 लाखांऐवजी 6 लाख 20 हजारच राहू दे. पण रात्रपाळीला माणसं किती असतील ते लेखी, रविवारी फोनवर बॅच सुटणार नाही हे लेखी, आणि शेजारच्या मुलीलाही याच महिन्यात वाढ.

जा म्हणणारी : तिची वाढ त्याने कुठल्या नात्याने मागायची? आणि गोपनीय पत्रावर दुसरीचं नाव? एचआर हसेल.

राहा म्हणणारा : हसू दे. हसून झाल्यावर ऑडिटची तारीख बघतील. आणि नात्याचं म्हणाल तर तुम्हीच म्हणालात ना, तिच्या वाटणीतून याला दिलं?

जा म्हणणारी : भाऊ, मी त्या टेबलाच्या पलीकडे बसले आहे. पगार वाढवणं सोपं असतं, कारण त्याला एका माणसाची सही लागते. रात्रपाळीची माणसं वाढवायला प्रॉडक्शन, फायनान्स, कधी मुंबई ऑफिस, सगळे लागतात. म्हणून तर आम्ही पैसे द्यायचो. दुसरं काही देणं आमच्या हातात नसायचं. तुम्ही म्हणता तसं पत्र मी माझ्या नोकरीत कधी पाहिलेलं नाही.

राहा म्हणणारा : कुणी मागितलं होतं?

जा म्हणणारी : नाही. जो यायचा तो आकडाच घेऊन यायचा.

राहा म्हणणारा : मग तुम्ही ‘देत नाहीत’ असं कशावरून म्हणता? ‘मागत नाहीत’ एवढंच तुम्ही पाहिलंय.

जा म्हणणारी : बरं, धरून चालू की दिलं. आजवर कुणी मागितलं नाही म्हणून कुणी दिलं नाही, ठीक आहे. ऑडिटच्या धास्तीने लिहूनही दिलं. तो थांबला. ऑडिट झालं, इन्स्पेक्टर परत गेले. जानेवारीत रात्रपाळीला पुन्हा माणसं कमी. कागदावर ती आहेत. आता तो काय करणार? पुन्हा पेपर टाकणार? दुसऱ्यांदा त्याला कुणी चहा देणार नाही. अंधेरीची जागा भरलेली असेल. आणि आता तर त्याच्या मागणीवरून व्यवस्था झाली होती, म्हणजे ती पाळली जात नाही हे माहीत असणारा आणि सही करणारा तोच. आज तो निदान म्हणू शकतो की मला न विचारता चाललं होतं.

राहा म्हणणारा : ...तो एकटा असेल तर हे खरं आहे.

जा म्हणणारी : एकटाच आहे ना? संप एकट्याचा असं तुम्हीच म्हणालात.

राहा म्हणणारा : म्हणालो. म्हणूनच त्या मुलीचं नाव घेतलं. तिला पगार मिळो न मिळो, पत्रात काय मागितलंय हे तिला माहीत असायला हवं. प्लँटवरच्या सुपरवायझरलाही. गोपनीय राहिलं की जानेवारीत तो एकटा पडणार. दोघा-तिघांना माहीत असलं तर निदान विचारणारे दोघे-तिघे.

जा म्हणणारी : आणि गोपनीयतेचं कलम मोडलं म्हणून कंपनीने काउंटर ऑफरच मागे घेतली तर?

राहा म्हणणारा : तर तो अंधेरीला जाईल. तुम्हाला हवं तेच.

जा म्हणणारी : मला तो तसा जायला नको होता. भांडून, बाकीच्यांना मागे टाकून. रिलिव्हिंग लेटर अडवतील, शेवटचा हिशेब, एफ अँड एफ, चार महिने रखडवतील, अंधेरीवाले जुन्या साहेबाला फोन करतील. मी म्हणत होते ते ‘जा’ वेगळं होतं.

राहा म्हणणारा : आणि माझं ‘राहा’ही सकाळी वेगळं होतं. सोमवारी उत्तर द्यायचंय त्याला. पत्र तुम्ही लिहून द्याल का? कंपनीची भाषा तुम्हाला येते.

जा म्हणणारी : लिहीन. दोन लिहीन, एक राजीनामा मागे घेतल्याचं, एक कायम असल्याचं. तुमची ती कलमं दोन्हीत घालीन, जाणाऱ्यातसुद्धा. सही कुठल्यावर करायची ते त्याने ठरवावं. पण त्या मुलीला सांगायचं ते मात्र त्यानेच, आणि सही करायच्या आधी.